न आलेलं वादळ आणि एलिदाबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोशल क्लबचे प्रमुख सेन्योर ओलेगारिओ पिन्तोस, नगराध्यक्षा सेन्योरा मारिएला उबाल, आपल्या चर्चचे फादर बाउतिस्ता, उत्सव समितीतले माझे सहकारी, पासो देल साउसालच्या नागरिक बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून इथे आलो त्या आपल्या एलिदाबाई फागुंदेस, सर्वांना माझा सादर नमस्कार.

मी विल्मार एचेनिके, कोपऱ्यावरचा औषधवाला. या सभागृहात मला न ओळखणारा बहुधा कोणी नाही, पण माइकसमोर उभं राहिलं की आधी स्वतःचं नाव सांगावं, हे मला बाईंनीच चौथीच्या वर्गात शिकवलं. त्या समोर बसल्या असताना ते विसरण्याची माझी हिंमत नाही. हे भाषण मी तीनदा लिहून काढलं आणि दोन खिशांत दोन प्रती ठेवल्या आहेत. त्याचंही इथे कोणाला नवल वाटणार नाही. मी काळजी करणारा माणूस आहे. माझी बायको ग्रिसेल म्हणते, "एवढी औषधं विकतोस, त्यातलं थोडं स्वतःही घेत जा." ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि भाषण आवरतं घे असं डोळ्यांनी सांगते आहे. आवरतं घेतो, पण मला माझ्या क्रमाने जाऊ द्या.

समितीने माझ्यावर सोपवलेलं काम साधं आहे. बाई आता मुलीकडे मोंतेविदेओला राहायला निघाल्या आहेत. त्यांचे गुडघे आपल्या गावच्या पायऱ्यांना कंटाळले. इतकी वर्षं त्यांनी आपल्या चौकातला उत्सव सांभाळला, त्याबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायचे. आणि जाता जाता मला असंही सुचवण्यात आलं की 'त्या संध्याकाळचा' विषय शक्यतो काढू नये, प्रसंग आनंदाचा आहे. अध्यक्षमहाराज, मी तुमच्याकडे बघून बोलत नाही, माझी मान मुळातच तिकडे वळलेली आहे.

तर गौरवाकडे येतो. आपल्यातल्या तरुणांना आठवत नसेल, म्हणून सांगतो. महामार्ग गावाबाहेरून वळवला, त्यावर ते मोठं सुपरमार्केट उभं राहिलं, आणि आपला मुख्य रस्ता बघता बघता मुका झाला. आधी चपलांचं दुकान गेलं, मग घड्याळवाला. मग आपली निबिया. तिचा नवरा वारला आणि तिने कापडाच्या दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. संध्याकाळी मी फार्मसीच्या दारात उभा राहायचो तेव्हा चौकापर्यंत फक्त कुत्री दिसायची. माणसं होती, पण घरात. दूध, पाव, साबण सगळं महामार्गावरून आणायची आणि दार लावून घ्यायची. औषधवाल्याला एक गोष्ट फार लवकर कळते. त्या वर्षांत झोपेच्या गोळ्यांचा खप वाढला होता.

तेव्हा बाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. एका रविवारी त्यांनी घरातली खुर्ची उचलली, भर रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि थर्मास घेऊन आपला तो कडू माते चहा पीत बसल्या. मी धावत गेलो.

म्हटलं, "बाई, गाडी येईल."

"कुठली गाडी?" त्या म्हणाल्या. "मी तासभर बसले आहे. तूही खुर्ची आण."

उत्सव तिथून सुरू झाला. पुढच्या वर्षी खुर्च्यांची रांग झाली, मग कोणी अकॉर्डियन आणला, कोणी चुलीवर चोरिसो सॉसेज भाजायला लावले. आज नोव्हेंबरातल्या त्या शनिवार-रविवारी आजूबाजूच्या खेड्यांतून बसगाड्या भरून येतात. आणि या सगळ्यात पगारी माणूस एकही नाही. बटाटे सोलणारे, दिवे टांगणारे, सोमवारी पहाटे रस्ता झाडणारे सगळे आपलेच. एरवी एकमेकांच्या भिंतीवरून भांडणारे शेजारी एकाच टेबलाचे दोन पाय धरून चालताना मी पाहिले आहेत. नगराध्यक्षा मघाशी म्हणाल्या की उत्सवाने गावाला ओळख दिली. खरं आहे. पण मला विचाराल तर उत्सवाने गावाला कामाला लावलं, आणि कामाला लागलेली माणसं एकमेकांशी बोलतात. एवढं झालं तरी खूप होतं.

आता मी पाणी पितो. आणि मग, अध्यक्षमहाराज, मी तो विषय काढणार आहे. तो न काढता मला बाईंचा गौरव करता येत नाही. रात्रभर प्रयत्न करून पाहिला.

त्या वर्षी आपण पहिल्यांदाच मोठा मांडव घातला होता. जेवणाच्या टेबलांवर अख्ख्या चौकाला पुरेल असा, लोखंडी खांबांवर ताणलेला. आधीच्या वर्षी पावसाने पंगत उधळली होती, म्हणून सगळ्यांनी हौसेने ठरवलं होतं. मोंतेविदेओचा नावाजलेला वाद्यवृंद येणार होता. ओलेगारिओंनी चुलींवर इतकं मांस चढवलं होतं की तो वास नदीपलीकडे जात होता. दुपारी हवामान खात्याचा पिवळा इशारा आला. संध्याकाळी तो नारिंगी झाला. जोराचे झोत, कदाचित गारा. मी मोबाइल हातात धरून घामाघूम झालो होतो. आणि वर आकाश कसं होतं, आठवतं ना? निळं, स्वच्छ. वाऱ्याचं नाव नाही. नीलमोहराचं एक फूलही हलत नव्हतं. उकाडा मात्र असा की शर्ट पाठीला चिकटलेला.

स्टेजच्या मागे आम्ही पाच-सहा जण जमलो. ओलेगारिओ चिमटा हातात घेऊनच आले. त्या वेळी ते क्लबचे प्रमुख नव्हते, फक्त खाटीक होते, आणि त्यांचा आवाज आजच्यापेक्षा मोठा होता.

"बाई, वर बघा," ते म्हणाले. "मला एक ढग दाखवा. एक दाखवा, मी स्वतः चुली विझवतो."

"मला दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी मांडववाल्याला हाक मारली. तो खांबाला टेकून सिगारेट ओढत होता. "अरे, हा तुझा मांडव किती वारा सोसतो?"

"ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत काही होत नाही."

"आणि त्याच्या वर?"

मांडववाल्याने मांडवाखाली बघितलं. तिथे आजीबाया, बाळांच्या गाड्या, टेबलांखाली खेळणारी पोरं होती. तो म्हणाला, "त्याच्या वर मी इथे उभा राहणार नाही, बाई."

इशाऱ्यात ऐंशीच्या वरचे झोत सांगितले होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, म्हणून मला ते दिसलं. त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं होतं. मग त्या स्टेजवर चढल्या आणि वाद्यवृंदाच्या निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"मी एलिदा फागुंदेस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी उठायचं आहे. पळायचं नाही. पुढच्या रांगा शाळेत, मधल्या चर्चमध्ये, मागच्या क्लबमध्ये. लहान मुलांचे हात धरा. उत्सव थांबला आहे."

मग शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "शाळा सुटली रे." चौक हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात सांगितलं. आणि गंमत अशी, की त्या चौकातल्या निम्म्या माणसांना लहानपणी याच आवाजाने रांगेत उभं केलं होतं. शिव्या देत देत लोक उठले. उठले मात्र.

शाळा भरली, चर्च भरलं, हा आपला क्लब भरला. तरी रस्त्यावर माणसं उरलीच. त्यात खेड्यांतली जास्त, त्यांच्या बसगाड्या रात्री उशिराच्या. पोरं कडेवर घेऊन ती उभी होती आणि आम्हा स्वयंसेवकांना विचारत होती, आम्ही कुठे जायचं? फार्मसीत मी जमतील तेवढी कोंबली होती.

तेव्हा मला शटरचा आवाज आला. गंजलेला, करकरणारा. निबिया आपल्या दुकानासमोर वाकून कुलूप उघडून शटर उचलायला बघत होती आणि ते गुडघ्याइतकं वर येऊन अडकलं होतं. दोघे-तिघे धावले, खांदे लावले. शटर वर गेलं. आत चादरींखाली झाकलेले कापडाचे तागे होते, आणि बंद घराला येतो तसा वास. निबिया दारातच थांबली. तिने आत पाऊल टाकलं नाही. मग एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं, तशी ती म्हणाली, "या, आत या. चादरी काढा, धूळ आहे, जपून." ते बघून पलीकडच्या चपलांच्या दुकानाचं शटर उघडलं. मग घड्याळवाल्याचं. ज्या रस्त्याला आम्ही मेलेला समजत होतो, त्याचं एकेक दार उघडत गेलं.

मी निबियाच्या दुकानात थांबलो. ती वाट पाहणं मी आयुष्यात विसरणार नाही. सगळे बोलायचे आणि मध्येच थांबायचे, वारा आला का ऐकायला. पोरं ताग्यांवर झोपली. कोणीतरी म्हणालं, "पाऊस पडायचाच असेल तर तोर्ता फ्रिता तरी तळा," आणि दोघी जणी खरंच पीठ मळायला लागल्या. आपल्याकडे पाऊस आणि ती तळलेली पुरी वेगळी काढता येत नाही, आणि घाबरलेल्या हातांना काहीतरी मळायला लागतंच. एक म्हातारा शेतकरी टोपी हातात धरून एका कॉर्डुरॉयच्या ताग्यावरून बोटं फिरवत होता. "हे विकायचं आहे का?" त्याने विचारलं. निबियाने चादर परत ताग्यावर ओढली. "आज नाही," ती म्हणाली.

बाहेर एक रिकामा प्लास्टिकचा पेला रस्त्यावरून घरंगळत गेला. सगळे त्या पेल्याकडे बघत राहिले. तो गटाराच्या कडेला थांबला.

त्यानंतर काहीही झालं नाही.

मित्रहो, मी हे वाक्य मुद्दाम सावकाश म्हणतो. वादळ आलं नाही. आपल्याकडे नाही, शेजारच्या गावातही नाही. पाण्याचे दहा-बारा थेंब पडले, तेही धूळ बसवण्यापुरते. इशारा उतरला. लोक बाहेर आले तेव्हा वर चांदणं पडलं होतं. वाद्यवृंद आपलं सामान भरून निघून गेला होता. चुली विझलेल्या, मांस अर्धं करपलेलं, अर्धं कच्चं. आणि मांडव जसाच्या तसा उभा. एक दोरीही ढिली झाली नव्हती.

बाई मांडवाखाली एकट्या उभ्या होत्या. ओलेगारिओ त्यांच्यासमोर आले.

"बाई," ते म्हणाले, "आता काय सांगू मी लोकांना?"

"सांग, वादळ आलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच आहे, ओलेगारिओ." आणि त्या खुर्च्या एकावर एक रचायला लागल्या.

त्यानंतरचे महिने इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत, म्हणून मी ते लांबवत नाही. कोणीतरी बाईंच्या फाटकावर रंगाने एक ढग काढला. त्यांना 'ढगबाई' म्हणायला लागले. मोठी माणसं मुलांसमोर म्हणायची. स्वयंसेवकांनी येणं सोडलं, आणि आमचे आजचे अध्यक्ष, बाई दिसल्या की, रस्ता ओलांडायचे. ओलेगारिओ, तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी पुढे बोलण्याचं धाडस करतो.

बाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येत. एकदा दुकानात कोणी नव्हतं. मी विचारलं, "बाई, त्या वेळी तुमची खात्री होती का?"

"नव्हती," त्या म्हणाल्या.

"मग?"

"खात्री असती तर इतकी घाबरले कशाला असते, विल्मार?" त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं. "मी दोनच गोष्टींचा विचार केला. वादळ आलं आणि मी उत्सव थांबवला नसला, तर मला कोणाच्या दारात जाऊन बोलावं लागेल. आणि थांबवला नि वादळ आलंच नाही, तर कोणाच्या दारात. दुसऱ्या वेळी ज्यांच्याकडे जायचं होतं, ते सगळे जिवंत होते. रागावलेले होते, पण जिवंत. रागावलेल्या माणसांशी मी आयुष्यभर बोलत आले आहे."

"झोप लागते का?"

"नाही. तुझ्याकडची चांगली गोळी दे."

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बाई, माफ करा, आज राहवलं नाही.

मग याच सभागृहात बैठक झाली. बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला. बरंच बोलणं झालं, काही ते आज आठवायलाही नको. शेवटी फादर बाउतिस्तांनी विचारलं, "ठीक आहे, बाई जातील. पुढच्या वेळी आकाश असंच निळं असलं आणि इशारा नारिंगी, तर माइक कोण हातात घेणार?"

आणि सगळं सभागृह आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. मीही. कोणी हात वर केला नाही. राजीनामा टेबलावरच राहिला आणि लोक एकेक करून घरी गेले. बाईंवर विश्वास बसला म्हणून त्या राहिल्या, असं आपण आता सांगतो. खरं सांगायचं तर त्यांची जागा घ्यायची कोणाची छाती नव्हती.

पण दरम्यान दुसरंही काही चाललं होतं, आणि ते आमच्या बैठकांच्या बाहेर. उत्सवानंतरच्या सोमवारी तो म्हातारा शेतकरी परत आला, टोपी हातात धरून. निबियाचं शटर तेव्हाही वर होतं, कारण ते पुन्हा अडकलं होतं आणि खाली येत नव्हतं. त्याने कॉर्डुरॉय घेतलं. निबियाला मोजपट्टी सापडेना, तिने हाताने मापलं. दुसऱ्या दिवशी त्याची सून आली. मग निबियाने आत झाडू मारला. चपलांच्या दुकानात त्या रात्री थांबलेल्या एका मुलीने मालकाला विचारलं, ही जागा शिवणकामाला द्याल का? घड्याळवाल्याने काही दिवस उघडून पाहिलं आणि परत बंद केलं. तेही सांगायला हवं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. महामार्गावर सुपरमार्केट अजून आहे आणि ग्रिसेल साबण तिथूनच आणते. पण संध्याकाळी मी दारात उभा राहतो तेव्हा मला आता नुसती कुत्री दिसत नाहीत.

वादळ आलं असतं तर आपण बाईंची मिरवणूक काढली असती. ते आलं नाही, म्हणून त्यांना वर्षभर त्या फाटकातून मान खाली न घालता ये-जा करावी लागली. कोणतं जास्त अवघड, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या वर्षीचा उत्सव आठवा. स्वयंसेवक निम्मेच होते. दुपारी पुन्हा पिवळा इशारा आला. मी बाईंकडे निघालो तर ओलेगारिओ माझ्या आधीच तिथे पोहोचले होते. वर्षभर ते बाईंशी एक शब्दही बोलले नव्हते. चुलींपाशी लाकडं रचलेली होती आणि काडेपेटी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी ना नमस्कार केला, ना काही. फक्त विचारलं, "बाई, पेटवू की नको?"

बाईंनी बराच वेळ वर बघितलं. मग माझ्या मोबाइलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पेटव. पण माझ्या नजरेसमोर राहा."

ओलेगारिओंनी पेटवलं. आणि दिवसभर ते दर थोड्या वेळाने मान वर करून बाईंकडे बघत राहिले. या गावात कोणी कोणाची मागितलेली मी पाहिलेली ती सर्वांत मोठी माफी होती, आणि तीत माफी हा शब्दच नव्हता.

आता माझं शेवटचं. तो माइक यंदापासून माझ्याकडे येतो आहे. समितीने ठरवलं, मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. उत्सव जवळ आला आहे. मी आत्तापासूनच पहाटे उठून आकाश बघतो. परवा मी बाईंकडे गेलो आणि म्हटलं, मला एखादा नियम सांगा, किती वाऱ्याला थांबवायचं, किती वाजता. त्या म्हणाल्या, नियम असता तर मीच वापरला नसता का? मी म्हटलं, मग ही भीती कधी जाते ते तरी सांगा.

"जात नाही," त्या म्हणाल्या. "जायलाही नको. ज्या दिवशी माइक हातात घेताना भीती वाटणार नाही, त्या दिवशी तो दुसऱ्याला दे."

म्हणून मी तुम्हा सर्वांकडे एकच मागणं मागतो. मी उठा म्हटलं तर उठा. शिट्ट्या वाजवा, शिव्या द्या, माझ्या फाटकावर हवं ते रंगवा, पण आधी मुलांचे हात धरून आत जा. माझं चुकलेलं निघालं तर दुसऱ्या दिवशी फार्मसीत या. मी तिथेच असेन.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, मंचावरील मान्यवरांचे आणि इतका वेळ उकाड्यात बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव सुटलं असेल, कोणाला एखादा शब्द बोचला असेल, तर तो माझ्या घाबरलेल्या जिभेचा दोष समजा आणि पोटात घाला.

बाई, उद्या सकाळी तुमची बस आहे. मी स्टँडवर येणार नाही. मला ते जमणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, पाणी सोबत घ्या. आणि पोहोचलात की लगेच फोन करा. बस उशिरा पोहोचली, कितीही रात्र झाली, तरी करा. मी जागाच असेन.